सोडायचं कुणी, किती आणि किती दिवस

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या सभागृहात एप्रिलच्या संध्याकाळी हवामान बदलावर व्याख्यान होतं. पंखे पूर्ण वेगात असूनही अंगाला शर्ट चिकटत होते. व्याख्यान संपल्यावर कार्यकर्त्या मुलींनी फिक्या हिरव्या कागदावर छापलेली संकल्पपत्रं वाटली. वर ‘मी एवढं नक्की सोडेन’ आणि खाली दहा चौकोन. एसी २४ अंशांवर ठेवेन, गीझर दहा मिनिटांत बंद करेन, आठवड्यातून एक दिवस गाडी काढणार नाही, दोन मजल्यांसाठी लिफ्ट वापरणार नाही, अशा ओळी, आणि तळाशी कापडी पिशवी. मागच्या पडवीत चहाचे कप विसळणाऱ्या मावशींनाही एका मुलीने आपुलकीने कागद दिला. मावशींनी हात पदराला पुसले, शेजारच्या बाईंकडून एकेक ओळ वाचून घेतली आणि म्हणाल्या, “ताई, यातलं माझ्याकडे काहीच नाही. मग मी काय सोडू?” बोलण्यात टोमणा नव्हता. सगळे काहीतरी सोडताहेत तर आपणही सोडावं, एवढंच त्यांच्या मनात असावं. मुलगी जरा घुटमळली, मग म्हणाली, “मावशी, पिशवीवर खूण करा ना.” मावशींनी खूण केली. पिशवी त्यांच्या हातात आधीपासूनच होती, भाजीची.

तो प्रश्न मनातून जाईना. वातावरणासाठी काय सोडायचं यावर जगभरच्या संसदांमध्ये, निवडणुकांमध्ये आणि टीव्हीवरच्या वादांत जे चाललंय, त्यातला एक मोठा घोटाळा मावशींच्या त्या साध्या प्रश्नात सापडतो. सोडायला सांगणारे आणि सोडायला नकार देणारे, दोघेही ज्यांच्याकडे सोडण्यासारखं काही आहे अशाच माणसांशी बोलत असतात. बाकीचे यादीत येतात ते पिशवीपुरते.

आधी त्या कागदाचाच हिशोब. दहाही चौकोन सारख्याच आकाराचे होते, आणि मला वाटतं खरी गडबड तिथेच आहे. दीड टनाचा, पाच तारे असलेला इन्व्हर्टर एसी २० अंशांवर ठेवून आठ तासांची रात्र काढली तर खोलीच्या मापाप्रमाणे साधारण सहा युनिट जळतात. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हा ऊर्जा दक्षता ब्युरोचा आकडा. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू करताच २४ वर यावेत हा नियम झाला, तो याच आधारावर. म्हणजे २० चे २४ केले की रात्रीला सव्वा युनिटच्या आसपास वाचतं, शंभर रात्रींच्या उन्हाळ्यात सव्वाशे-एकशेतीस युनिट. आपल्याकडच्या मुख्यतः कोळशाच्या विजेत युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर ही बचत झाली नव्वद किलोंची. आता पंखा घ्या. जुना पंखा ७५ वॉट खातो, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा नवा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास आणि वर्षातले नऊ महिने धरले तर एका पंख्यामागे १८० युनिट वाचतात, आणि वारा तेवढाच. इथे कुणाला काही सोडावं लागत नाही. पैसे मात्र आधी मोजावे लागतात, अडीच-तीन हजार, आणि ते वसूल व्हायला दोनेक वर्षं. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायची असते. वायरमन ते विसरला की पंखा हुंकारत राहतो किंवा आतलं सर्किट जातं, आणि मग ‘हे नवीन प्रकार टिकत नाहीत’ असं घरोघर पसरतं. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, ही तक्रार जास्त ऐकू येते.

आणि त्या कागदावर नसलेली गोष्ट. बडोद्यात ज्यांची मुलं न्यू जर्सीत आहेत अशी मराठी घरं गल्लीगल्लीत सापडतील. मुंबईहून तिकडे जाऊन परत आलं की पंचवीस हजार किलोमीटर होतात, म्हणजे इकॉनॉमी वर्गातल्या एका माणसामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. एसीच्या बचतीत मोजलं तर वीसहून जास्त उन्हाळे. नातवाला भेटायला जाऊ नका असं मी म्हणत नाही, ते म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण दहा सारख्या चौकोनांच्या कागदावर लिफ्ट आणि पिशवी असते आणि विमान नसतं, तेव्हा तो कागद नकळत राजकारण करत असतो. जे सोडणं सोपं आणि दिसायला छान, तेवढंच तो मागतो.

हा घोटाळा आपण तयार केलेला नाही. ‘तुमचा कार्बनचा ठसा किती’ हे माणसामाणसाने आकडे भरून मोजावं ही सवय लोकप्रिय करण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता. २००४ साली तिने असं गणकयंत्र लोकांपुढे ठेवलं आणि त्याची जोरात जाहिरात केली. तेल काढणाऱ्याचा हिशोब असा तेल जाळणाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. त्यातलं गणित खोटं नव्हतं, पण कुणाला विचारायचं ती दिशा बदलली. तेव्हापासून वातावरणावरच्या वादात व्यक्तीच्या सोडण्याला नको इतकं महत्त्व आलं, आणि त्याच्या उलट दुसरा पक्षही तेवढाच फोफावला: ‘हे लोक तुमची गाडी, तुमचं मांस, तुमची शेगडी काढून घ्यायला निघालेत.’

सोडायला सांगणाऱ्या नेत्याचं काय होतं, याचं अमेरिकेतलं उदाहरण सगळे देतात. २ फेब्रुवारी १९७७ ला जिमी कार्टर लोकरीचा स्वेटर घालून टीव्हीवर आले आणि घराचं तापमान दिवसा ६५ अंश फॅरेनहाइट, रात्री ५५ ठेवा म्हणाले. कडाक्याचा हिवाळा होता, नैसर्गिक वायूची टंचाई होती. जून १९७९ मध्ये त्यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारे ३२ सौर पत्रे बसवले. पुढच्याच वर्षी रेगन यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला आणि १९८६ मध्ये ते पत्रे उतरले. यातून राजकारण्यांनी धडा घेतला की सोडण्याची भाषा मतं घालवते, आणि सल्लागार तेव्हापासून हेच सांगत आले: त्रासाचं बोलू नका, नोकऱ्यांचं बोला. मला हा धडा अर्धवट वाटतो. त्याच वेळी महागाई होती, पेट्रोलपंपांवर रांगा होत्या, तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस होते. एका स्वेटरने निवडणूक हरवली असं म्हणणं सोयीचं आहे, एवढंच.

फ्रान्सचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं. १७ नोव्हेंबर २०१८ ला पिवळी जाकिटं घालून लोक चौकाचौकांत उभे राहिले, कारण जानेवारीपासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंटीम आणि पेट्रोलवर जवळपास तीन सेंटीम कर वाढणार होता. हे लोक बहुतेक गावांकडचे, शहरांच्या कडेचे. त्यांच्याकडे बस नाही, रेल्वेची शाखा बंद झालेली, आणि दोन दशकं सरकारनेच ‘डिझेल घ्या, स्वस्त पडतं’ म्हणून सांगितलेलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला माक्रों सरकारने श्रीमंतांवरचा संपत्ती कर मोडीत काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. दोन्ही निर्णय एकाच अर्थसंकल्पातून. इंधनाच्या कराचा बराचसा पैसाही सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार होता. लोकांनी वातावरणाला विरोध केला असं बाहेरून म्हटलं गेलं. त्यांनी विचारलं ते वेगळं होतं: आमच्याकडून घेता आणि त्यांना सोडता, हे कशासाठी? डिसेंबरात ती करवाढ मागे घ्यावी लागली.

स्वित्झर्लंडमध्ये तर एकाच देशाने दोन वर्षांत दोन उत्तरं दिली. १३ जून २०२१ च्या सार्वमतात ५१.६ टक्क्यांनी वातावरणाचा कायदा फेटाळला. त्यात पेट्रोल लिटरमागे १२ सेंटीमपर्यंत महागणार होतं आणि विमानाच्या तिकिटावर ३० ते १२० फ्रँक कर होता. त्या तिकीट-करातला निम्म्याहून जास्त पैसा लोकांनाच परत मिळणार होता, पण प्रचारात उरला तो पेट्रोलपंपावरचा आकडा. १८ जून २०२३ ला ५९.१ टक्क्यांनी दुसरा कायदा मंजूर झाला. दिशा तीच, पण त्यात तेल-वायूवरची जुनी तापयंत्रं बदलायला दहा वर्षांत दोन अब्ज फ्रँकची मदत होती. यावरून ‘बघा, लोकांना फक्त घ्यायला आवडतं’ असा निष्कर्ष काढला जातो. मी तो काढणार नाही. दोन अब्ज फ्रँक कुठून येतात? करातूनच. दोन्ही वेळा स्विस माणसाने पैसे मोजायचेच होते. दुसऱ्या वेळी बदल्यात काय येणार ते त्याला घराच्या तळघरात उभं असलेलं दिसत होतं.

आपल्याकडे मागितलेलं दिलं गेल्याच्या आठवणी आहेत, आणि त्या तपासून पाहण्यासारख्या आहेत.

१९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातलं एक जेवण सोडा म्हटलं. तेव्हा लढाई चालू होती, धान्य अमेरिकेच्या पीएल-४८० या धान्यमदतीच्या कायद्याखाली बोटीतून यायचं आणि ते रोखलं जाण्याची भीती होती. सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहत, घरोघर चूल पेटत नसे. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांमध्ये अजूनही कुणी आजी सांगते की सोमवार महादेवाचा म्हणून उपास होताच, त्या वर्षी त्यात शास्त्रीजींचाही आला. शास्त्रीजींनी आधी स्वतःच्या घरात करून पाहिलं आणि मग देशाला सांगितलं, असं सांगतात. एवढंच कारण नव्हतं. मागणी एका जेवणाची होती, अमुक वाराची होती, आणि कशासाठी ते रेशनच्या रांगेत उभ्या माणसाला समजत होतं. पण ज्याला मुळातच एक वेळचं मिळत होतं त्याने काय सोडलं, हे तेव्हाही कुणी मोजलं नाही.

दुसरी आठवण ताजी आहे. मार्च २०१५ मध्ये ‘गिव्ह इट अप’ सुरू झालं. गॅसचं अनुदान स्वतःहून सोडा, ते एका गरीब घराच्या चुलीला जाईल. वर्षभरात एक कोटींवर लोकांनी सोडलं. १ मे २०१६ ला बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा देणाऱ्याला आपलं देणं कुठे पोचलं याचं चित्र मिळालं. मोहीम म्हणून मी हिला उत्तम मानतो, कारण तिने ऐपत असलेल्यांकडेच मागितलं. पुढे काय झालं तेही लिहायला हवं. २०२० च्या मध्यापासून बाजारभाव उतरले म्हणून जवळपास सगळ्यांचंच अनुदान शून्यावर आलं, आणि भाव चढल्यावर ते परत आलं नाही. मे २०२२ मध्ये उज्ज्वलाच्या घरांना सिलिंडरमागे २०० रुपये मिळू लागले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ३००. मधल्या काळात उज्ज्वलाच्या बायका वर्षाला सरासरी चारच्या आतबाहेर सिलिंडर भरून घेत होत्या. चौघांच्या घराला सकाळ-संध्याकाळ गॅसवरच रांधायचं तर सात-आठ लागतात. बाकीचे महिने लाकडं, गोवऱ्या, डोळ्यांत धूर. स्वेच्छेने सोडलेल्याचे सत्कार झाले, आणि न विचारता गेलेल्याची नोंद फक्त फुंकणीजवळ राहिली.

इथून नव्वद किलोमीटरवर केवडिया आहे, आताचं एकता नगर. २० ऑक्टोबर २०२२ ला तिथे ‘मिशन लाइफ’ची सुरुवात झाली, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेश शेजारी उभे होते. वर्षभर आधी ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी ती कल्पना मांडली होती: पर्यावरणासाठी जीवनशैली. त्यातल्या ७५ छोट्या कृतींची यादी प्रसिद्ध झाली आणि आपल्या सभागृहांतल्या हिरव्या कागदांचा उगम बहुधा तिथलाच. यादीत वावगं काही नाही. पण ती जिथे जाहीर झाली ती जमीन काय सांगते? १९६१ मध्ये धरणाच्या वसाहतीसाठी केवडिया, कोठी, वाघडिया, लिंबडी, नवागाम आणि गोरा या सहा गावांतल्या तडवी आदिवासींच्या जमिनी घेतल्या गेल्या. पुढे सरदार सरोवराच्या बुडिताखाली गुजरातची १९, महाराष्ट्राची ३३ आणि मध्य प्रदेशची १९३ गावं आली. महाराष्ट्रातली ३३ म्हणजे अक्राणी आणि अक्कलकुव्यातली, नर्मदेच्या काठची. त्यांतल्या काही घरांना गुजरातेत जमीन मिळाली. डभोई, संखेडा, नसवाडीकडे गेलं की रस्त्याच्या कडेला अजून ‘वसाहत’ अशा पाट्या दिसतात. नर्मदेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने १९७९ मध्ये खातेदाराला किमान दोन हेक्टर जमीन ठरवली होती. कुणाला चांगली काळी मिळाली, कुणाला पाणी साठणारी, कुणाला कागदावरची.

धरणाची वीज १४५० मेगावॉट. तिचा ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशचा, २७ महाराष्ट्राचा, १६ गुजरातचा. ही वीज कोळशाची नाही, म्हणून वातावरणाच्या हिशोबात ती स्वच्छ धरली जाते, आणि तशी ती आहेही. बडोद्याच्या नळालाही नर्मदेचं पाणी येतं. मी त्या पाण्याला नावं ठेवणार नाही, तहान लागलेल्या शहराला तो अधिकार नाही. पण स्वच्छ विजेसाठी ज्यांनी गाव, देवाचं ठाण, मोहाची झाडं आणि नदीकाठची गाळाची शेती दिली, त्यांनी वातावरणासाठी सगळ्यात मोठं काहीतरी सोडलेलं आहे. ते ७५ कृतींत बसत नाही. कारण यादी पुढे काय सोडायचं त्याची आहे, मागे काय घेतलं गेलं त्याची नाही.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर भारत हाच मुद्दा ठामपणे मांडतो, आणि बरोबर मांडतो. पर्यावरणाचे अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच म्हटलं होतं की जगण्यासाठीचा धूर आणि चैनीसाठीचा धूर एकाच तागडीत घालता येत नाही. भाताच्या खाचरातला मिथेन आणि मोठ्या गाडीचा धूर सारखा नाही. आज भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड पडतो, अमेरिकन माणसामागे चौदाच्या आसपास. ‘आधी तुम्ही कमी करा’ हे आपलं म्हणणं न्यायाचं आहे. मला अस्वस्थ करतं ते पुढचं. ही दोन टनांची सरासरी मावशींच्या आणि दोन एसी, दोन गाड्या असलेल्या बंगल्याच्या आकड्यांची मिळून झालेली आहे. मावशींच्या खोलीत एक पंखा, एक दिवा, एक छोटा टीव्ही. महिन्याला साठेक युनिट आणि वर्षाला सहा सिलिंडर धरले, प्रत्येकी १४.२ किलोचे, तरी चौघांच्या घराचे पाऊण टन. डोई दोनशे किलोंच्याही आत. परदेशात आपण मावशींचा आकडा पुढे करून वाद जिंकतो आणि घरी आल्यावर त्यांच्या हातात बंगल्यासाठी छापलेला कागद देतो. चैन आणि जगणं हा भेद जिनिव्हात लागू होतो आणि बडोद्याच्या अलकापुरीतल्या बंगल्यांत होत नाही, असं कसं चालेल?

या सगळ्यावर एक तिसरी भाषा अलीकडे फार ऐकू येते: कुणालाच काही सोडायची गरज नाही, तंत्रज्ञान सगळं करेल. तिच्यात तथ्य आहे, पंख्याचं उदाहरण वर दिलंच. सयाजीराव महाराजांच्या काळात आजव्याच्या तलावाचं पाणी उताराने शहरात येईल असं बांधलं गेलं, तेव्हाही बडोदेकरांना संकल्प करावा लागला नव्हता. नीट आखलेली व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहत नाही, आणि राहू नये. पण छपरावरच्या सौर विजेकडे जरा जवळून पाहिलं की सोडणं संपत नाही, ते जागा बदलतं, हे दिसतं. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान आहे. किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळी अगाशी, म्हणजे गच्ची, लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. बंगल्यांच्या वस्तीत हे सहज जमतं. पोळात अगाशी तीन भावांची सामाईक, शेजारच्या टाकीची सावली दुपारी दोनपासून पडते, आणि एका पत्र्यावर सावली पडली की एका तारेत जोडलेल्या सगळ्या रांगेची वीज घसरते. मग वर्ष उलटतं आणि उत्तरायण येतं. सात-आठ फूट उंच सांगाडा करून पत्रे वर घेतले नाहीत तर पतंग उडवायला जागा राहत नाही, आणि घेतले तर खर्च वाढतो. कापलेला पतंग काढायला पोरं पत्र्यावर पाय ठेवतात. वरून काच शाबूत दिसते, आत बारीक तडे जातात आणि वीज हळूहळू कमी होत जाते. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी ओतून धुणारेही असतात, तेही काचेला सोसत नाही. धुवायचं ते पहाटे. हे सगळं सुटण्यासारखं आहे, भाऊबंदांच्या सह्यांसकट. भाड्याने राहणाऱ्याचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही. ज्याची अगाशी त्याचं बिल शून्य, आणि ज्याची नाही तो तेच जुने दर भरत राहतो.

म्हणून मला वाटतं, सोडण्याची भाषा टाकून देणं हा उपाय नव्हे. ती टाकली की आधीपासून जे सोसताहेत ते आणखीच नजरेआड होतात. मागणाऱ्याने हिशोब उघडा ठेवावा: कुणाकडून घेतोय, किती, किती दिवस, बदल्यात काय, आणि आजवर कुणी न विचारता दिलंय. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातली विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून पस्तीसच्याही वर गेली. त्या पुराला नदीपात्रातली बांधकामंही जबाबदार होती, सगळं खापर वातावरणावर फोडणं खरं नाही. पण काठच्या झोपड्यांतल्या ज्यांच्या गाद्या, पिठाचे डबे आणि शिवणयंत्रं गेली, त्यांनी जे गमावलं ते कुणाच्याही संकल्पपत्रापेक्षा मोठं होतं.

हिशोब मांडता येतो, याचा एक नमुना गुजरातेतच आहे. अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या मृत्यूंनंतर २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. आणि सेवा या कष्टकरी बायकांच्या संघटनेने उष्णतेचा विमा आणला. ठरलेल्या आकड्याच्या वर पारा गेला की दावा न करता पैसे थेट खात्यात. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायकांना ४०० रुपये मिळाले. रक्कम लहान आहे, दीड-दोन दिवसांच्या कमाईएवढी. तरी त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की उन्हात बुडालेल्या मजुरीला पहिल्यांदा किंमत लावली गेली. किंमत लागली की ती कुणी द्यायची यावर भांडता येतं.

हे भांडण संसदेपर्यंत न्यायची गरज नाही, ते गल्लीतल्या बांधकामावर आत्ताच सोडवता येतं. मे महिन्यात स्लॅब भरायचा आहे असं धरा. हजार चौरस फूट, पाच इंच जाडी, म्हणजे बारा घनमीटरच्या जवळपास काँक्रीट. दुपारी भरलं तर सिमेंटमधलं पाणी उडतं, माल आवळतो, तो सरकावा म्हणून मिक्सरवरचा माणूस पाणी वाढवतो, आणि तिथे स्लॅबची ताकद जाते. संध्याकाळपर्यंत वर केसासारख्या भेगा येतात. काँक्रीट ४० अंशांच्या वर गेलेलं असताना ओतू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. दाहोद-छोटाउदेपूरकडून आलेली घमेली वाहणारी माणसं त्याच उन्हात उभी असतात, त्यांच्यासाठी असा आकडा कुणी विचारत नाही. काम पहाटे हलवलं की दोघांचंही भलं होतं. पण निवासी वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची यंत्रं चालवायला बंदी आहे. तेव्हा पाचला सळ्यांची तपासणी, सेंट्रिंगवर पाणी मारणं, आदल्या दिवशी सावलीत झाकून ठेवलेली खडी भिजवणं, आणि सहाच्या ठोक्याला मिक्सर. एका मिक्सरवर हे काम सहा-सात तास खातं, म्हणजे भर दुपार गाठते. तयार काँक्रीटच्या दोन गाड्या आणि पंप लावला तर दोन-अडीच तासांत उरकतं, खर्च वाढतो. पोळात गाडी शिरत नाही, तिथे एकाऐवजी दोन मिक्सर लावायचे आणि साडेनऊपर्यंत संपवायचं. वाढीव खर्च घरमालकाचा. सकाळची झोप शेजाऱ्यांची, दोन दिवस आधी घरोघर सांगून. आणि ठेकेदाराच्या करारात एक ओळ आधीच लिहून घ्यायची, की काम दुपारच्या आत आटोपलं तरी प्रत्येक मजुराची हजेरी पूर्ण दिवसाची लागेल.